न्यूपोर्टची हिरवळ: एकाच मैदानावर तीनदा संपलेली टेनिस स्पर्धा

उंटावरचा_अंपायर (धागाकर्ता)

यूएस ओपन म्हटलं की न्यूयॉर्क, निळं हार्ड कोर्ट आणि डोक्यावरून जाणारी विमानं आठवतात. या स्पर्धेची पुरुष एकेरी मात्र पहिली ३४ वर्षं, १८८१ ते १९१४, समुद्रकाठच्या एका छोट्या गावात गवतावर खेळली गेली. गाव न्यूपोर्ट, राज्य ऱ्होड आयलंड. बेटावरचं गाव, उन्हाळ्यात श्रीमंतांची वर्दळ आणि बाकीचं वर्ष सामसूम. न्यूयॉर्कहून तिथे यायचं तर रात्रीची आगबोट पकडायची.

मैदान न्यूपोर्ट कसिनोचं (जुगाराशी संबंध नाही, तो क्लब होता). 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट धाकटा याने तो १८८० मध्ये उभारला. आराखडा मॅकिम, मीड अँड व्हाइट यांचा. बेनेटच्या चिथावणीवरून त्याचा एक मित्र घोड्यासकट जुन्या क्लबात शिरला, त्यावरून वाजलं, म्हणून बेनेटने स्वतःचाच क्लब काढला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, म्हणूनच तिच्यावर फार भार टाकू नये.

त्यापेक्षा १८८० चा चेंडूचा वाद महत्त्वाचा. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एक मोठी स्पर्धा झाली. बॉस्टनहून आलेले जेम्स ड्वाइट आणि रिचर्ड सीअर्स यांनी चेंडू हातात घेतले, तर ते इंग्लिश चेंडूंहून लहान आणि हलके. दोघांनी एकेरी खेळायला सरळ नकार दिला. प्रत्येक क्लबाचा चेंडू वेगळा, जाळ्याची उंची वेगळी, गुणपद्धतही वेगळी. स्टेटन आयलंडला तर १५ गुणांचे गेम मोजत होते.

या गोंधळातून २१ मे १८८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय लॉन टेनिस संघटना स्थापन झाली आणि ३१ ऑगस्टला न्यूपोर्टमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. चेंडू लंडनच्या एअर्स कंपनीचे, नियम इंग्लंडचे. १९ वर्षांच्या सीअर्सने अंतिम सामन्यात विल्यम ग्लिनला ६-०, ६-३, ६-२ असं हरवलं. पहिल्या तीन वर्षांत त्याने एकही सेट गमावला नाही, आणि १८८७ पर्यंत ओळीने सात वेळा तोच विजेता.

या हिरवळीवर एकामागून एक तीन स्पर्धा नांदल्या: राष्ट्रीय स्पर्धा १९१४ पर्यंत, निमंत्रितांची स्पर्धा १९१५ ते १९६७, आणि व्यावसायिक स्पर्धा १९७६ ते २०२४. माझा मुद्दा असा की तिन्ही वेळा खेळाचा दर्जा किंवा गवत हे संपण्याचं कारण नव्हतं. गाव आडबाजूला आणि वेळापत्रक बाकीच्यांच्या सोयीचं, हेच तिन्ही वेळा नडलं. जाणकारांनी भर घालावी, खोडावं.

---

गणिती_गोगलगाय

सीअर्सच्या सात विजेतेपदांमागे जाळ्याची भूमिती आहे, ती सहसा कोणी सांगत नाही.

१८८१ मध्ये जाळं खांबांपाशी ४ फूट (१२१.९ सेंमी) आणि मध्ये ३ फूट (९१.४ सेंमी) होतं. आज मध्ये तेवढंच, पण खांबांपाशी साडेतीन फूट (१०६.७ सेंमी). एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद आणि खांब बाजूच्या रेषेबाहेर ३ फुटांवर. म्हणजे मध्यापासून रेषा साडेतेरा फुटांवर आणि खांब साडेसोळा फुटांवर. मधला पट्टा ताणून जाळ्याची वरची कड दोन्हीकडे सरळ उतरते असं धरलं, तर बाजूच्या रेषेवर जाळ्याची उंची अशी येते:

१८८१: ९१.४ + (३०.५ × १३.५ ÷ १६.५) = सुमारे ११६.४ सेंमी
आज: ९१.४ + (१५.२ × १३.५ ÷ १६.५) = सुमारे १०३.९ सेंमी

फरक साडेबारा सेंटिमीटर. जाळं सैल झोळीसारखं लोंबत असेल तर फरक दहाच्या आसपास राहतो. गवतावर चेंडू गुडघ्याखाली राहतो. तिथून रेषेलगत मारायचा तर तो इतका उचलावा लागे की पलीकडे तरंगत जायचा. साहजिकच बहुतेक फटके कमी उंचीच्या मध्यावरून जात. सीअर्स नेमका तिथे, जाळ्याजवळ मध्यभागी, उभा राही आणि आलेला चेंडू हवेतच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टेकवी. बेसलाइनवरचा (मागच्या रेषेवरचा) गडी पळून पळून थकायचा. रॅकेट सुमारे १६ औंसांची, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. आजच्या रॅकेटी ३०० ग्रॅमच्या आसपास असतात. तेवढ्या वजनदार रॅकेटीने चेंडू नुसता अडवला तरी पुरे.

उतारा दोनच: लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू), किंवा जाळं खाली आणणं. इंग्लंडने १८८२ मध्ये खांबांपाशी साडेतीन फूट केलं आणि मग तेच सगळीकडे रुळलं.

---

टॉपस्पिन_ताई

गोगलगाय, आकडेमोड आवडली. दोन गोष्टी जोडते.

पहिल्या वर्षी अंतिम सामना सोडला तर एकेरीचे सामने तीन सेटांचे होते. आणि दुहेरीच्या अंतिम सामन्याचा निकाल बघा: क्लॅरेन्स क्लार्क आणि फ्रेडरिक टेलर यांनी व्हॅन रेन्सेलेअर आणि न्यूबोल्ड यांना ६-५, ६-४, ६-५ असं हरवलं. पाच-पाच झाल्यावर पुढचा गेम जिंकला की सेट खिशात. दोन गेमच्या आघाडीची भानगडच नाही. पुढे त्याच मैदानावर काय होणार आहे, त्या दृष्टीने हे ६-५ ध्यानात ठेवा. आणि हा टेलर म्हणजे कारखान्यांत स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजणारा, 'शास्त्रीय व्यवस्थापन'वाला टेलरच.

दुसरी गोष्ट चॅलेंज राउंडची. १८८४ पासून गतविजेता थेट शेवटच्या सामन्याला उतरे. बाकीच्यांनी आपसात खेळून एक आव्हानवीर निवडायचा, आणि त्याने, दमलेला का असेना, ताज्या दमाच्या विजेत्याशी भिडायचं. म्हणजे सीअर्सची पहिली तीन विजेतेपदं पूर्ण स्पर्धा खेळून आणि पुढची चार एकेका सामन्यावर. विल्यम लार्नेडचीही सात आहेत (१९०१, १९०२, १९०७ ते १९११), त्यातली १९०२ आणि १९०८ ते १९११ ही पाच चॅलेंज राउंडमधली. शेवटच्या वेळी तो ३८ वर्षांचा होता. पूर्ण ड्रॉ खेळावा लागता तर ऑगस्टच्या उकाड्यात ते जमतं का, अशी शंका येतेच. १९२० च्या दशकातल्या बिल टिल्डेनची सात याच रांगेत मांडतात, ते मला पटत नाही. त्याला दर वर्षी पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं.

परदेशी विजेता या काळात एकच: १९०३ मध्ये इंग्लंडचा लॉरेन्स डोहर्टी. त्याने लार्नेडला ६-०, ६-३, १०-८ असं हरवलं. चॅलेंज राउंड १९१२ मध्ये रद्द झाली आणि त्याच वर्षी मॉरिस मॅक्लॉफ्लिन पूर्ण स्पर्धा खेळून जिंकला. अंतिम सामन्यात पहिले दोन सेट हरल्यावर.

---

मधली_पट्टी

वाचतोय. एक प्रश्न: एवढं बस्तान बसलं होतं, मग १९१५ मध्ये हलवली का? न्यूपोर्टवाल्यांनी विरोध केला नाही?

---

उंटावरचा_अंपायर

केला की. आणि विरोध थोडक्यात हुकला.

१९१५ च्या सुरुवातीला सुमारे १०० खेळाडूंनी स्पर्धा हलवण्यासाठी अर्ज केला. युक्तिवाद साधा होता: क्लब, खेळाडू आणि प्रेक्षक बहुसंख्येने न्यूयॉर्कच्या परिसरात आहेत, मग राष्ट्रीय स्पर्धा बेटावर कशाला? विरोधी गटात एकेरीचे आठ माजी विजेते होते. ५ फेब्रुवारी १९१५ च्या वार्षिक सभेत मतदान झालं: हलवण्याच्या बाजूने १२८, विरोधात ११९. पाच मतं फिरली असती तर निकाल उलटा.

पारडं कशाने झुकलं याबद्दल माझं मत: ऑगस्ट १९१४ मधली डेव्हिस कप (देशांच्या संघांमधली स्पर्धा) लढत. अमेरिका विरुद्ध ऑस्ट्रलेशिया (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा एकत्र संघ), न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर, हजारो प्रेक्षकांसमोर. शहराच्या लोकल गाडीने येणारा प्रेक्षक किती असतो ते सगळ्यांनी पाहिलं. न्यूपोर्टला बसायला जागा बेताची आणि प्रेक्षक बराचसा तिथलाच उन्हाळी पाहुणा, ज्याला सामन्याइतकीच एकमेकांच्या टोप्या बघण्यात गोडी.

न्यूपोर्टमधला शेवटचा राष्ट्रीय विजेता आर. नॉरिस विल्यम्स. १९१४ मध्ये त्याने मॅक्लॉफ्लिनला ६-३, ८-६, १०-८ असं हरवलं. टायटॅनिकमधून वाचलेला तो हाच. गोठलेले पाय कापावे लागतील असं सांगितलं गेलं, त्याने नकार दिला आणि दोन वर्षांत राष्ट्रीय विजेता झाला.

---

कोकणी_लॉब

दुसऱ्या आयुष्याबद्दल मी लिहितो. न्यूपोर्टला सांत्वन म्हणून निमंत्रितांची स्पर्धा मिळाली, ऑगस्टातच. ईशान्य किनाऱ्यावर तेव्हा गवताच्या स्पर्धांची माळच होती: सीब्राइट, साउथहॅम्प्टन, राय, न्यूपोर्ट, मग बॉस्टनच्या लाँगवुडला राष्ट्रीय दुहेरी आणि शेवटी फॉरेस्ट हिल्स. हौशी खेळाडू उन्हाळाभर याच वाटेने फिरत. सीब्राइटची स्पर्धा १९५० मध्येच बंद पडली.

या काळातलं मुख्य पात्र जिमी व्हॅन अॅलन. न्यूपोर्टचाच धनिक, कसिनोचा कारभारी, कोर्ट टेनिसचा (टेनिसचा जुना, चार भिंतींतला प्रकार) पट्टीचा खेळाडू. १९५४ मध्ये त्याने तिथे टेनिसचं 'हॉल ऑफ फेम' सुरू केलं. त्याच वर्षी एकेरीच्या अंतिम सामन्यात हॅम रिचर्डसनने स्ट्रेट क्लार्कला ६-३, ९-७, १२-१४, ६-८, १०-८ असं हरवलं. ८३ गेम! सामना लांबत गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या होड-रोजवॉल यांची दुहेरी बाजूच्या कोर्टावर ढकलावी लागली. प्रेक्षक दुहेरीसाठी थांबलेले आणि व्हॅन अॅलन वैतागलेला.

गवतावर हे का व्हायचं? सर्व्हिस घसरत खाली राहते, परतवणारा नुसता चेंडू आत टाकतो, सर्व्हर तोवर जाळ्यापाशी पोहोचलेला असतो. सर्व्हिस मोडतच नाही (सर्व्ह करणारा आपला गेम हरतच नाही), आणि दोन गेमच्या आघाडीचा नियम असला की सेटला शेवट नाही.

१९६५ मध्ये त्याने व्यावसायिक खेळाडूंना न्यूपोर्टला बोलावून स्वतःची गुणपद्धत चालवून पाहिली. १५-३०-४० रद्द. टेबल टेनिससारखे ३१ गुण, दर पाच गुणांनी सर्व्हिस बदलायची. सर्व्हिसची धार कमी करायला बेसलाइनच्या ३ फूट मागे वेगळी रेषा. प्रत्येक गुणाला ५ डॉलर. लेव्हर, रोजवॉल ही मंडळी खेळली, पैसे घेतले आणि पद्धतीबद्दल नाकं मुरडली.

आणि १९६७, निमंत्रितांच्या स्पर्धेचं शेवटचं वर्ष. दुहेरीत डिक डेल आणि डिक लीच यांनी टॉम मोझर आणि लेन श्लॉस यांना ३-६, ४९-४७, २२-२० असं हरवलं. १४७ गेम, ६ तास १० मिनिटं, दोन दिवसांत मिळून. व्हॅन अॅलनला यापेक्षा मोठा पुरावा कोण आणून देणार होतं?

पुढल्या वर्षी टेनिस 'ओपन' झालं, हौशी आणि व्यावसायिक हा भेद गेला. हौशींच्या पाहुणचारावर चालणाऱ्या स्पर्धांचा पायाच निघाला.

---

मधली_पट्टी

म्हणजे आजचा टायब्रेक (सेट बरोबरीत आला की थोड्या गुणांत तो संपवण्याची रीत) तिथलाच?

---

गणिती_गोगलगाय

बीज तिथलंच, पण व्हॅन अॅलनचा आवडता टायब्रेक आजच्याहून वेगळा, नऊ गुणांचा होता. १९७० च्या यूएस ओपनमध्ये तोच वापरला. क्लबात करून पाहायचा असेल तर रीत अशी:

सहा-सहा झाले की सुरू. क्रमाने ज्याची सर्व्हिस आहे तो पहिला आणि दुसरा गुण सर्व्ह करतो, समोरचा तिसरा आणि चौथा. मग बाजू बदलायची. पाचवा-सहावा पुन्हा पहिल्याचा आणि सातवा, आठवा, लागल्यास नववा दुसऱ्याचा. जो आधी पाच गुण घेईल त्याचा सेट. चार-चार झाले तर नवव्या गुणावर फैसला, आणि सर्व्हिस उजव्या कोर्टात घ्यायची की डाव्या, हे परतवणारा ठरवतो.

गोची नवव्या गुणाची आहे. नऊच्या नऊ गुण खेळले गेले तर दुसऱ्याला पाच सर्व्हिस मिळतात, पहिल्याला चार. बाजू निवडायचा हक्क हा त्यावरचा उतारा, पण गवतावर तो अपुरा पडतो. आणि निर्णायक सेटमध्ये चार-चार म्हणजे एकाच चेंडूवर दोघांचाही मॅच पॉइंट. प्रेक्षकांची चंगळ, खेळाडूंची झोप उडालेली. फॉरेस्ट हिल्सला टायब्रेक सुरू झाला की कोर्टावर लाल झेंडा लावत.

विम्बल्डनने १९७१ मध्ये दोन गुणांच्या आघाडीचा, सात गुणांचा टायब्रेक घेतला, तोही आधी आठ-आठवर. सहा-सहावर तो १९७९ मध्ये आला. यूएस ओपनने १९७५ मध्ये नऊ गुणांचा टायब्रेक सोडला. पण व्हॅन अॅलन पुरता हरलेला नाही. एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्याच्या) दुहेरीत ड्यूसनंतर (४०-४० नंतर) एकच निर्णायक गुण असतो आणि बाजू परतवणारा निवडतो, तो त्याच्याच डोक्यातला तुकडा.

---

टॉपस्पिन_ताई

आणि १८८१ चं ते ६-५! पाच-पाचनंतर एका गेमवर सेट संपवणारी स्पर्धा त्याच मैदानावर ४९-४७ पर्यंत गेली.

---

हिरवळकर

इतिहास चालू द्या, गवतावर मी बोलतो. 'गवतावर चेंडू वेगात येतो' असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं. चेंडू टप्पा घेतो तेव्हा दोन गोष्टी होतात. पातं गुळगुळीत आणि ओलसर असलं की घर्षण कमी, त्यामुळे चेंडूचा आडवा वेग फारसा घटत नाही. आणि खालची माती मऊ असली की उसळी कमी. दोन्ही मिळून चेंडू घसरत, खाली राहून येतो. माती दाबून कडक केली की उसळी वाढते आणि परतवणाऱ्याला वेळ मिळतो. विम्बल्डनने २००१ पासून शंभर टक्के बारमाही राय गवत वापरायला सुरुवात केली (आधी ७० टक्के राय, ३० टक्के फेस्क्यू), कापणी ८ मिलिमीटरवर. रॅली लांबल्या त्याच्या मुळाशी बरंचसं हेच आहे. राय टिकाऊ, आणि कोरड्या, कडक मातीवरही तग धरते.

समुद्रकाठच्या कोर्टाची दुखणी वेगळी. सकाळचं धुकं आणि दंव उशिरापर्यंत पात्यावर राहतं. त्यावर खेळलात तर पाय सरकतात, चेंडूची लोकर पाणी पिऊन जड होते आणि गवत मुळापासून उखडतं. दंव आधी लांब काठीने किंवा दोर ओढून झाडायचं, पातं वाळू द्यायचं, मगच कापायचं आणि मग रेषा मारायच्या. ओल्यावर रेषा मारली की पांढरा पसरतो आणि कड फुगते. रोलरचं नेमकं उलट: माती किंचित दमट हवी. पार कोरडीवर रोलर नुसता फिरतो, चिखलावर फिरवला तर वरचा थर सिमेंटसारखा बसतो, हवा-पाणी अडतं आणि मुळं वर येतात. पाणी पहाटे द्यावं. संध्याकाळी दिलं की रात्रभर पातं ओलं राहतं आणि बुरशी आलीच.

झीज आधी बेसलाइनच्या मध्यापाशी होते. जुन्या काळी सर्व्हिस करून सगळे जाळ्याकडे धावत, त्यामुळे सर्व्हिस रेषेच्या आसपासही टक्कल पडे. सलग मोठी हिरवळ असेल तर उपाय सोपा: दर काही दिवसांनी खांब आणि रेषा काही फूट सरकवायच्या, जुन्या बेसलाइनला विश्रांती द्यायची. पक्क्या खांबांच्या कोर्टावर ही सोय नाही.

आपल्याकडे गवती कोर्ट म्हणजे बहुधा हरळी. ती उष्ण हवेची, आडवी धावणारी, दाट गालिचा करणारी. राय झुबक्यांनी वाढते आणि थंड हवा मागते. त्यामुळे न्यूपोर्टचं किंवा विम्बल्डनचं वेळापत्रक उचलून कोकणात लावू नये.

---

टॉपस्पिन_ताई

तिसरं आयुष्य आपल्या लोकांचं आहे म्हणून मी घेते. १९७६ मध्ये पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि पहिलाच विजेता विजय अमृतराज. त्याने १९८० आणि १९८४ मध्येही ती जिंकली. १९९८ मध्ये लिअँडर पेसने नेव्हिल गॉडविनला ६-३, ६-२ असं हरवलं. गोव्याच्या मुळांच्या या गड्याचं एटीपी एकेरीतलं हे एकमेव विजेतेपद, आणि ते या गवतावर येणं स्वाभाविक होतं. चिप करून (चेंडू कापून खाली ठेवून) पुढे जाणं, जाळ्यावरची चपळाई, हे सगळं इथे वसूल होतं. २०१८ मध्ये रामकुमार रामनाथन अंतिम सामन्यापर्यंत गेला, स्टीव्ह जॉन्सनकडून हरला.

विजेत्यांची यादी बघितली तर मैदानाचा स्वभाव कळतो. फाब्रीस सांतोरो दोनदा (२००७, २००८), दोन्ही हातांनी कापून मारणारा. ग्रेग रुसेडस्की तीनदा, जॉन इस्नर चारदा. पहिल्या मानांकिताला मात्र २०११ पर्यंत ही स्पर्धा कधीच जिंकता आली नव्हती. ते इस्नरने मोडलं.

२० जुलै २०२४ रोजी अमृतराज आणि पेस दोघेही त्याच आवारात हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. दुसऱ्या दिवशी मार्कोस गिरॉनने ॲलेक्स मिकेलसनला ६-७, ६-३, ७-५ असं हरवलं, आणि एटीपी २५० दर्जाची (मुख्य दौऱ्याची सर्वांत खालची पायरी) ही शेवटची न्यूपोर्ट स्पर्धा ठरली.

---

मधली_पट्टी

पण २०२५ मध्येही तिथे सामने झाले ना? मग 'बंद' कसं म्हणायचं?

---

उंटावरचा_अंपायर

झाले. २०२५ पासून पुरुषांची चॅलेंजर १२५ आणि महिलांची डब्ल्यूटीए १२५, या मुख्य दौऱ्याखालच्या दर्जाच्या स्पर्धा, एकत्र होतात. हिरवळ आहे, तारखा त्याच सुमाराच्या. पण मुख्य दौऱ्यातला दर्जा गेला, म्हणून मी 'संपली' म्हणतो.

कारण पुन्हा वेळापत्रकच. ही स्पर्धा विम्बल्डननंतरच्या आठवड्यात यायची. तोपर्यंत युरोपातले बरेच जण क्लेवर (मातीच्या कोर्टांवर) परततात आणि अमेरिकन खेळाडूंच्या डोळ्यांपुढे हार्ड कोर्टचा मोसम. एका आठवड्यासाठी गवताचे बूट आणि तारांचा ताण तसाच ठेवून अटलांटिक ओलांडायला वरचा खेळाडू तयार होत नाही. त्यात एटीपी स्वतःच २५० दर्जाच्या स्पर्धा कमी करायला निघालेली.

---

कोकणी_लॉब

खेळाडूंचं म्हणाल तर अर्धं सहमत. इस्नर चारदा येऊन जिंकला तो वेळापत्रक सोयीचं होतं म्हणूनच: युरोप सोडायचा, घराजवळ गवतावर आणखी एक आठवडा, मग हार्ड कोर्ट. मोठ्या सर्व्हिसच्या अमेरिकन खेळाडूला हाच आठवडा कमाईचा होता. कमी पडली ती बाकीच्यांची गर्दी.

---

मधली_पट्टी

गोगलगाय, आमच्या क्लबात १८८१ च्या जाळ्याने एक प्रदर्शनीय सामना ठेवायचा विचार चाललाय. हल्लीच्या खांबांवर ४ फूट कसं करायचं?

---

गणिती_गोगलगाय

खांबांना हात लावू नका, वायर त्यांच्या वर जात नाही. एकेरीच्या खुंट्या करून घ्या: १२२ सेंमीच्या दोन लाकडी काठ्या, वर वायर बसेल अशी खाच, एकेरीच्या रेषेबाहेर ३ फुटांवर. आधी गिअर सैल करा, काठ्या लावा, मग ताण द्या. ताणलेल्या वायरखाली काठी घुसवायला गेलात तर ती निसटून लागते. मधला पट्टा ९१.४ सेंमीवर घट्ट बांधा, नाहीतर मध्य वर उचलला जाईल आणि सगळी भूमितीच बिघडेल.

जाळं साडेतीन फुटांच्या हिशेबाने शिवलेलं असतं, त्यामुळे काठ्यांपाशी खाली वीतभर फट राहील. चेंडू खालून जाऊ नये म्हणून तिथे जुन्या जाळ्याचा तुकडा बांधा. चेंडू नेहमीचे चालतील. तेव्हाचे व्यासाने किंचित लहान, साधारण ६.३५ ते ६.५ सेंमी, वजन ५३ ते ५७ ग्रॅम. फार फरक नाही. सेट ६-५ ला संपवा आणि सर्व्हिसच्या मागोमाग जाळ्यावर धावायला बंदी घालू नका, गंमत तिथेच आहे.